दोन तारखांमधला मुलूख

स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेल्या कालनिर्णयवर घराचा सगळा कारभार लिहिलेला असतो. दूध बंद, सिलिंडर लावला, कामवालीचे खाडे, भिशी, नातवाचं गॅदरिंग. काही घरांत त्या चौकटींमध्ये आणखी एक नोंद असते: ‘टाटा, सकाळी ८.’ कुठे टाटाच्या जागी ‘बांबोळी’, कुठे ‘बार्शी’, कुठे नुसतंच ‘रक्त’. पाहुण्याला त्यातलं काही कळत नाही. घरातल्यांची नजर मात्र महिन्याचं पान उलटलं की आधी तिथे जाते.

ही कर्करोगाच्या रुग्णालयांची, तपासण्यांची नावं; पण नोंद उपचारांची नसते. उपचार संपलेले असतात, किंवा क्वचित सुरूच झालेले नसतात. केमो झाली, शेक झाले, टाके सुकले, केस परत आले, आणि डॉक्टर म्हणाले, ‘छान आहे, आता तीन महिन्यांनी या.’ त्या ‘तीन महिन्यांनी या’मध्ये माणसं वर्षानुवर्षं राहतात. तिथेच मुलांची लग्नं लावतात, घराचे हप्ते फेडतात, भांडतात, दिवाळीचा फराळ करतात.

२०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला १४ लाखांहून अधिक लोकांना नव्याने कर्करोगाचं निदान होतं. हा आकडा आपण वाचलेला असतो. दुसरा सहसा छापून येत नाही: मागच्या पाच वर्षांत निदान झालेली आणि आज हयात असलेली माणसं ३२ लाखांच्या वर आहेत. आपल्याकडच्या कर्करोगाच्या गोष्टी एक तर ‘झुंज अपयशी’ या मथळ्यावर संपतात, नाही तर ‘कर्करोगावर मात’ या मथळ्यावर. या दोन मथळ्यांच्या मध्ये जी प्रचंड वस्ती आहे तिच्याकडे बातमीदार फिरकत नाही, कारण तिथे बातमी नसते. मी गेले. ज्यांना भेटले त्यांची नावं देत नाही. लग्नाची मुलगी घरात आहे, कंपनीत कुणाला सांगितलेलं नाही, गावात चर्चा नको, अशी कारणं त्यांनी दिली, आणि ती मला पटली.

*

कोथरूडचे एक निवृत्त बँक अधिकारी. वय सत्तरीच्या पुढे, आवाज खणखणीत. वार्षिक रक्ततपासणीत पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीचं प्रथिन वाढलेलं निघालं, बायॉप्सी झाली, प्रोस्टेटमध्ये कर्करोग निघाला. पण सौम्य जातीचा आणि ग्रंथीच्या आतल्या आत. युरॉलॉजिस्टनी नवरा-बायको दोघांना समोर बसवून सांगितलं, आत्ता काहीही करायचं नाही. दर सहा महिन्यांनी पीएसए, ठरावीक काळाने एमआरआय, गरज पडली तर पुन्हा बायॉप्सी. वाढतोय असं दिसलं तर ऑपरेशन आणि शेक आहेतच.

काकूंना हे पचेना. त्यांच्या माहेरी दोन माणसं याच आजाराने गेलेली. अंगात कर्करोग ठेवून माणूस निवांत पेपर वाचत चहा पितो, हे दृश्यच त्यांना सहन होत नव्हतं. ‘अहो, काढून टाका ना एकदाचं,’ हे वाक्य त्या घरात सकाळ-संध्याकाळ व्हायचं. काकांनी मग नोकरीतल्या सवयीने कागद गोळा केले. त्यातला महत्त्वाचा कागद ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ या चाचणीचा. ग्रंथीपुरताच कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांचे तिथे तीन गट केले होते. एकाचं ऑपरेशन, दुसऱ्याला किरणोपचार, तिसऱ्यावर फक्त नजर. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ साली आले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावलेले सगळे मिळून शंभरात तीनपेक्षा कमी, आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नाही. नुसती नजर ठेवलेल्यांत आजार दूरवर पसरण्याचं प्रमाण मात्र इतरांच्या जवळपास दुप्पट होतं, शंभरात नऊच्या वर. त्या गटातल्या साठेक टक्क्यांना पुढेमागे ऑपरेशन किंवा शेक घ्यावेच लागले. म्हणजे फुकट काही नव्हतं. पण लघवीवरचा ताबा, कामजीवन, आतड्यांच्या तक्रारी यांची किंमत ज्यांनी मोजली नाही किंवा बऱ्याच उशिरा मोजली, तेही याच गटातले. काकांनी हे सगळं काकूंना वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, ‘आणि त्या तिघांत तुम्ही असलात तर?’

याला उत्तर नाही. कुठल्याच आकडेवारीकडे नसतं. डॉक्टरांनीही दिलं नाही. ते एवढंच म्हणाले, की म्हणूनच तर दर सहा महिन्यांनी बघायचं. जपानात कोबे शहरातल्या कुमा रुग्णालयाने १९९३ पासून थायरॉइडच्या अगदी बारीक कर्करोगांबाबत हाच मार्ग धरला आणि पुढे जगाने तो उचलला. ‘बघत राहणं’ हाही उपचाराचा एक प्रकार आहे, ही गोष्ट वैद्यकाने तशी अलीकडेच मान्य केली आहे. आपल्या घरांनी ती मान्य करायला अजून वेळ लागेल. आपल्याला औषध हातात पडल्याशिवाय डॉक्टरकडे जाऊन आल्यासारखं वाटत नाही.

काकांची एक वही आहे, पासबुकासारखी ओळी-ओळीने भरलेली. तारीख, पीएसए, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात वैद्यकीय असं काहीच नाही. ‘आदल्या रात्री झोप नाही.’ ‘रिपोर्टनंतर मिसळ.’ ‘सौ. रडली.’ एका ओळीत नुसतं ‘सवाई’. मी त्यावर बोट ठेवलं तेव्हा ते खुलले. निदान झालं त्याच वर्षी रक्ताची तारीख नेमकी डिसेंबरात, सवाई गंधर्व महोत्सवाच्या आठवड्यात आली. त्यांनी भीत भीत विचारलं, आठ दिवस पुढे ढकललं तर चालेल का? डॉक्टर हसले. म्हणाले, तुमच्या बाबतीत महिनाभर इकडेतिकडे झालं तरी काही बिघडत नाही. तेव्हापासून एक तपासणी सवाई झाल्यावर आणि दुसरी जूनमध्ये, आंबे संपल्यावर. मुकुंदनगरच्या मैदानावर ते आता भारतीय बैठकीतून खुर्चीत आले आहेत, पण ते गुडघ्यांमुळे. मध्येच उठून जावं लागतं ते प्रोस्टेटमुळे की चहामुळे, हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही.

‘आजार माझ्या कॅलेंडरात आला, मी त्याच्या कॅलेंडरात गेलो नाही,’ असं ते म्हणाले. वाक्य जरा घासूनपुसून तयार ठेवल्यासारखं वाटलं खरं. चार ठिकाणी म्हणून झालं असावं. तरी मला ते टाकवत नाही.

*

अशी मुभा सगळ्यांना नसते. प्रत्येक कर्करोगाचं वेळापत्रक वेगळं, आणि ते कुणी मनाने ठरवलेलं नाही. तोंडाचा कर्करोग परतायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून सुरुवातीला दर महिन्या-दोन महिन्यांनी तोंड आणि मान तपासतात. मूत्राशयाच्या कर्करोगात पहिली काही वर्षं ठरावीक महिन्यांनी दुर्बीण आत घालून पाहावंच लागतं. मोठ्या आतड्याच्या बाबतीत सीईए नावाची रक्ततपासणी, सीटी आणि कोलोनोस्कोपी यांना खरोखर काम असतं. शेजारणीचं वेळापत्रक आपल्याला लागू होत नाही ते यामुळे.

पण शेजारणीचं पेट स्कॅन झालं आणि आपलं झालं नाही, याने किती घरांची झोप उडते! स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या बाईला, काही तक्रार नसेल तर, डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी आणि वर्षाला मॅमोग्राफी एवढंच पुरेसं मानलं जातं. दर वेळी स्कॅन नाही, रक्तातले मार्कर नाहीत. ही काटकसर नव्हे. इटलीत १,३२० स्त्रियांचे दोन गट करून हे पाहिलं गेलं. एकीकडे हाडांचे स्कॅन, यकृताची सोनोग्राफी, छातीचे एक्स-रे असा भरगच्च कार्यक्रम; दुसरीकडे साधी तपासणी आणि मॅमोग्राफी. १९९४ साली निष्कर्ष आला: जास्त तपासण्या झालेल्या बायका जास्त जगल्या नाहीत. बीजांडकोशाच्या कर्करोगाबाबत २०१० साली तर याहून विचित्र गोष्ट समोर आली. सीए-१२५ हा मार्कर वाढला म्हणून लगेच केमो सुरू केलेल्या बायका आणि त्रास सुरू होईपर्यंत थांबलेल्या बायका सारख्याच जगल्या. फक्त लवकर सुरू केलेल्यांच्या वाट्याचे बरे दिवस आधी संपले.

हे वाचून कुणी आपली तपासणी रद्द करू नये. डॉक्टरांनी सांगितलेली तारीख चुकवणं हा शूरपणा नाही. पण डॉक्टरांनी न सांगितलेली तपासणी ‘मनाच्या समाधानासाठी’ करून घेण्याने समाधान मिळतं ते आठवडाभराचं, आणि कधी कधी तेवढंही नाही. स्कॅनमध्ये कुठेतरी तीन मिलिमीटरचा ठिपका दिसतो, ‘सहसंबंध लावून पाहावा’ असं कुणीतरी लिहितं, आणि पुढचे तीन महिने त्या ठिपक्याचे होतात.

ज्यांना पेट स्कॅन लागतं त्यांचा तो दिवस मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. माझ्या एका मैत्रिणीला लिम्फोमा होता, म्हणजे रसग्रंथींचा कर्करोग. तिच्याबरोबर मी गेले होते. सहा तास उपाशी. आधी बोटाला सुई टोचून साखर पाहिली, मग शिरेतून किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन. ही साखर भुकेल्या पेशी जास्त खातात आणि कर्करोगाच्या पेशी फार भुकेल्या असतात, म्हणून त्या चित्रात उजळतात. तिच्यातला किरणोत्सार सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो, त्यामुळे ती साठवून ठेवता येत नाही; सायक्लोट्रॉनमध्ये तयार झाली की धावपळ करत पोहोचवावी लागते. भारतात हे तंत्र पहिल्यांदा आलं ते मुंबईतच, २००२ साली, परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. पेशंटला यातलं काही माहीत नसतं. त्याला इतकंच सांगतात, की आता तासभर गप्प पडून राहा. बोलायचं नाही, मोबाइल नाही, हालचाल नाही, कारण हललेला स्नायूही साखर खातो आणि चित्र बिघडतं.

त्या तासात काय करायचं? नामस्मरण कर, असं तिच्या सासूबाईंनी सुचवलं होतं. ती करते स्वयंपाक. मनातल्या मनात, पहिल्यापासून. त्या दिवशी खरवस होता. चीक कुणाकडून आणायचा इथपासून सुरुवात. गूळ किती, वेलदोडा की जायफळ, कुकरची शिट्टी काढली का. उपाशी माणसाने पदार्थ निवडावा तर असा. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘वड्या पडल्या नाहीत. बोलावलं लवकर.’

तिच्या घरचे दोन नियम मला फार शहाणपणाचे वाटले. स्कॅन आणि डॉक्टरांची भेट यांत दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. तारखा घेतानाच तसं सांगायचं. आणि रिपोर्टची पीडीएफ रात्री मोबाइलवर आली तरी उघडायची नाही. रात्री साडेदहाला इंग्रजी वैद्यकीय शब्दांचा अर्थ लावायला गुगलशिवाय कोणी जागं नसतं, आणि गुगलला माया नाही.

*

वाईच्या एक बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. उजव्या स्तनाचं ऑपरेशन, काखेतल्या गाठी काढलेल्या, केमो, शेक, आता रोजची एक गोळी. गोळीने सांधे धरतात. सकाळी उठल्यावर पहिली दहा मिनिटं आपण जिना उतरत नाही, त्याच्याशी तह करतो, असं त्या सांगतात. उजव्या हाताला सूज येऊ नये म्हणून त्या हातात घट्ट बांगड्या नाहीत, सुई नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही. हळदीकुंकवाला कुणीतरी विचारतंच, एकाच हातात बांगड्या का हो? बाई सुरुवातीला काहीबाही सांगायच्या. आता सरळ सांगतात, आणि वर विचारतात, ‘तुम्ही कधी केलीय का मॅमोग्राफी?’ हळदीकुंकू तिथेच दोन मिनिटं थांबतं म्हणे.

त्यांची खरी लढाई आजाराशी नव्हती, घराशी होती. शेक संपल्यावर सगळे त्यांना ‘तू बस’ म्हणू लागले. ‘आई, तुम्ही बसा.’ भाजी निवडायला बसा, दार उघडायला नको, बँकेत नको, लग्नाला नको, तिथे गर्दी असते. प्रेमानेच. त्या बसल्या. वर्षभर बसल्या. मग एका दिवाळीत, चकलीची भाजणी दळून आलेली असताना, सून म्हणाली, आई, मी विकतच्याच आणते, उगाच तुमचा हात दुखेल. बाई उठल्या. वाटणी ठरली: पीठ मळणार सून, सोऱ्या फिरवणार मुलगा, तळणार बाई, आणि ‘मोहन कमी पडलंय’ हे सांगण्याचा हक्क फक्त बाईंचा. मुलाने आयुष्यात पहिल्यांदा सोऱ्या हातात धरला. पहिल्या घाण्यातल्या चकल्या कशा झाल्या, याची चौकशी मी केली नाही.

त्यानंतर त्यांनी पाचवीच्या स्कॉलरशिपला बसणाऱ्या गल्लीतल्या मुलांना ओसरीवर गोळा केलं. फी नाही. अट एकच, उशिरा आल्यास कारण शुद्ध मराठीत लेखी. तपासणीच्या दिवशी वर्गाला सुट्टी, आणि ती कशासाठी हे मुलांना ठाऊक आहे. एकाने विचारलं, ‘बाई, पास झालात का?’

भीती गेली असं त्या म्हणत नाहीत. पाठ दुखली की मनात पहिला विचार हाडांचाच येतो. त्यांच्या डॉक्टरांनी एक कसोटी दिली आहे, ती त्यांनी फ्रिजवर चिकटवली आहे: नवीन दुखणं दोन आठवडे टिकलं आणि वाढत गेलं तर फोन करायचा, तारखेची वाट पाहायची नाही, त्याआधी मलम लावायचं. भीतीला हद्द आखून मिळाली की तिच्याबरोबर राहता येतं. ऑस्ट्रेलियात या विषयावर रीतसर काम झालं आहे. आजार परतण्याच्या भीतीने ग्रासलेल्या २२२ जणांवरचा ‘कॉन्कर फिअर’ हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. कुठल्या लक्षणाची दखल घ्यायची, चिंता आली की तिच्या मागे न धावता लक्ष दुसरीकडे कसं वळवायचं, आपल्याला आयुष्यात महत्त्वाचं काय वाटतं, हे तिथे समुपदेशकांनी शिकवलं आणि भीती खरोखर उतरली. आपल्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरला पेशंटमागे पाच मिनिटं मिळत असताना हे कोण शिकवणार, हा वेगळा प्रश्न. फ्रिजवरच्या त्या चिठ्ठीला मात्र पैसे पडत नाहीत.

*

कुडाळच्या बाजूला एका गावात दशावतारात राजपार्ट करणारा एक कलावंत भेटला. पन्नाशीचा. राजाची दमदार पदं ही त्याची ओळख होती. तंबाखू वीस-पंचवीस वर्षांची. गालाच्या आत जखम झाली, भरेना, बांबोळीला गेला. जबड्याचा डावीकडचा भाग गेला, मानेतल्या गाठी गेल्या, वर तीस शेक. लाळेच्या ग्रंथी शेकाने सुकतात, त्यामुळे पाण्याची बाटली सतत हातात. तोंड उघडेना, तेव्हा फिजिओथेरपीवालीने आइस्क्रीमच्या काड्या दिल्या. दातांच्या फटीत काड्या सरकवायच्या, रोज जमेल तशी एक वाढवायची. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. याची एकावरून अडीचवर आली आहेत. त्याने मला ती घालून दाखवली, आणि अडीच म्हणजे कसं, हेही.

गाणं गेलं. शब्द कळतात, पण पद म्हणता येत नाही. दशावतारातली संवादफेक जागच्या जागी सुचलेली असते, तिला जिभेची चपळाई लागते, तीही गेली. तो मंडळ सोडेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या, पेटारा निघाला, तेव्हा हा गाडीत जाऊन बसला. आता तो झांज धरतो. पायपेटी आणि पखवाजाच्या शेजारी. वर पोरांचे मुकुट बांधतो आणि त्यांचे राजे कुठे चुकतात ते रंगपटात, अर्धवट जिभेने, झाडून सांगतो. ‘गाणा गेला, पन ताल खंय गेलो?’ असं त्याने मला विचारलं.

रात्रभर जागरण, थंडी, धूळ. डॉक्टरांना हे चालतं का? त्याने विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, पाणी पीत राहा, तंबाखूवाल्यांच्या पंगतीत बसू नको, आणि तारीख चुकवू नको. तो चुकवत नाही. पहाटेची गाडी, मग रांग. तपासणी पाच मिनिटांची. टॉर्चने तोंडात बघतात, जिभेखालून बोट फिरवतात, मानेवरून दोन्ही हातांची बोटं सावकाश खाली आणतात. यंत्र नाही, स्कॅन नाही. डॉक्टरांची बोटं कानाखाली जरा जास्त वेळ थांबली तर काय होतं, ते त्याने सांगितलं नाही. आपल्याच मानेवर हात ठेवून दाखवलं. मग म्हणाला, ‘पाच मिनटांचा काम. पन त्या पाच मिनटांनी दोन म्हयने मोकळे.’

त्याच्या बायकोने मला बाजूला घेऊन वेगळंच सांगितलं. तारखेच्या आधी चार दिवस तो कुणाशी बोलत नाही, ताट सरकवतो, पोरावर ओरडतो. गावातले येऊन सांगतात, हसत राहा, मन खंबीर ठेव, त्यानेच आजार पळतो. तेव्हा तो जास्तच चिडतो.

चिडणं बरोबर आहे. ‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला आपल्याकडे नारळासारखा प्रत्येकाच्या हातात दिला जातो, आणि त्यात एक छुपा आरोप असतो: आजार परतला तर तुझंच मन कमी पडलं. हे खरं आहे का, याचं उत्तर शोधलं गेलेलं आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोकं आणि मानेच्या कर्करोगाचे, म्हणजे याच कलावंताच्या जातकुळीतल्या आजाराचे, १,०९३ रुग्ण पाहिले. मनाने प्रसन्न असणारे जास्त जगले का? २००७ साली त्यांनी उत्तर दिलं: नाही. मनःस्थितीचा आणि आयुष्याच्या लांबीचा संबंध सापडला नाही.

मला ही बातमी दिलासा देणारी वाटते. आनंदाने आयुष्य वाढत नसेल, तर आनंदी राहण्याची सक्तीही उरत नाही. चार दिवस ताट सरकवावंसं वाटलं तर सरकवावं. आणि झांज वाजवावीशी वाटली, तर ती प्रतिकारशक्तीसाठी वाजवायची नाही. जत्रा आहे, पोरगा राजपार्ट बरा करतोय आणि ताल चुकतोय, म्हणून वाजवायची. मला भेटलेल्यांपैकी जे खरोखर मजेत होते, त्यांच्यातला एकही जण ‘बरं होण्यासाठी’ मजेत नव्हता.

औषधाचं काम करणारी गोष्ट दुसरीच निघाली, आणि ती फारच अनाकर्षक आहे: चालणं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन आणि केमो झालेल्या ८८९ जणांवरची ‘चॅलेंज’ ही चाचणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना नुसतं व्यायामाचं पुस्तक दिलं. निम्म्यांना पुस्तकाबरोबर तीन वर्षं मागे लागणारा प्रशिक्षक दिला. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊणएक तास भरभर चालणं, एवढाच साधारण हिशेब. पाच वर्षांनी कर्करोग न परतता जगणारे प्रशिक्षकवाल्या गटात ८० टक्के, पुस्तकवाल्या गटात ७४. आठ वर्षांनी हयात असलेले ९० आणि ८३. एखाद्या नव्या गोळीने एवढं केलं असतं तर तिची किंमत काही लाखांत असती. यातलं खरं औषध बहुधा मागे लागणारा माणूस हेच असावं. पुस्तक तर दोघांकडे होतं.

*

सार्वजनिक आयुष्यात कर्करोगानंतरच्या जगण्याची उदाहरणं आपल्याला पाठ आहेत, पण आपण ती वेगळ्या कारणाने आठवतो. शरद पवारांचं तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन २००४ साली, लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत झालं. त्याच वर्षी ते केंद्रात कृषिमंत्री झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये साताऱ्याच्या सभेत ते पावसात भिजत बोलले, त्यावर पानंच्या पानं लिहून आली. तोंडाची शस्त्रक्रिया होऊन पंधरा वर्षं झालेला माणूस बोलतोय, हे त्यांत फारसं कुठे नव्हतं. त्यांच्या राजकारणाबद्दल वाचकांची मतं काहीही असोत, एवढी एक गोष्ट मतभेदाशिवाय मान्य करता यावी. अभिनेते शरद पोंक्षे यांनी लिम्फोमाच्या उपचारांनंतर २०१९ साली ‘हिमालयाची सावली’ घेऊन रंगमंचावर पाऊल ठेवलं, तेव्हाही प्रेक्षकांनी तिकीट नाटकाचं काढलं होतं.

रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात, सीएमएलमध्ये, तर देखरेख हीच दिनचर्या झाली आहे. इमॅटिनिब हे औषध २००१ साली आलं आणि काही वर्षांत माणूस नेणारा आजार रोजच्या गोळीवर आला. त्याच औषधाच्या पेटंटचा दावा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, म्हणून स्वस्त गोळी मिळत राहिली. ठरावीक महिन्यांनी रक्त द्यायचं, आकडा खाली आहे ना पाहायचं, कामाला जायचं. ज्यांचा आकडा वर्षानुवर्षं तळाशी राहतो, अशा काहींची गोळी डॉक्टर बंदही करून पाहतात. तेव्हा रक्ताच्या तारखा उलट जवळ येतात. साधारण निम्म्यांचा आजार पुन्हा डोकं वर काढतो, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी सुरू केली की जवळजवळ सगळ्यांचा पुन्हा आटोक्यात येतो.

राहिला खर्च. मोठ्या उपचारांना सरकारी योजना आहेत, ट्रस्ट आहेत, गावाने काढलेली वर्गणी आहे. तपासणीला जाणाऱ्याचा बुडालेला रोज, सोबतच्याचा बुडालेला रोज, मुंबईत दोन रात्रींचा मुक्काम, हे खिशातूनच जातं, आणि वर्षानुवर्षं जातं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी ठिकाणं नसती तर कितीजण तिसऱ्या वर्षी तारखेला यायचेच बंद झाले असते. उपचारांसाठी हात सैल सोडणारे आपण देणगीदार तपासणीच्या प्रवासखर्चाला अजून पुण्यकर्म मानत नाही. मानायला हवं.

तुमच्या घरच्या कॅलेंडरवर अशी तारीख असेल तर फाईलमध्ये एक कोरा कागद ठेवा आणि डॉक्टरांकडून लिहून घ्या: मला कुठल्या तपासण्या लागतात, कुठल्या लागत नाहीत, काय झालं तर तारखेची वाट न पाहता फोन करायचा, आणि तारीख आठ-पंधरा दिवस हलवली तर चालते का. लग्न, जत्रा, सवाई, नातवाचं गॅदरिंग, जे असेल ते सांगून विचारा; विचारल्याने कुणी रागावत नाही. रेल्वेने जाणार असाल तर सवलतीचं प्रमाणपत्र रुग्णालयातून आधी भरून घ्या. मान्यताप्राप्त रुग्णालयात ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीच्या प्रवासालाही ते चालतं, आणि सोबत जाणाऱ्या एकालाही त्यावर सवलत मिळते.